दोन गोंधळ्यांचा अल्बम: स्टुडिओत न्यायचं की गोंधळातच टिपायचा?

तुमच्या गावाकडचे दोन चुलतभाऊ गोंधळ घालतात. थोरला तुणतुणं घेऊन म्हणतो, धाकटा संबळ वाजवत झील धरतो, म्हणजे मागून धृपद उचलतो. त्यांचा अल्बम करायचाय, आणि स्टुडिओवाल्यानं दोघांना वेगवेगळं मुद्रित करायला सांगितलंय, तर ते ऐकावं का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर: ऐकू नका. मी काही वर्षं खेड्यांतून असं ध्वनिमुद्रण करतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

थोरला कडव्याची शेवटची ओळ सोडतो तेव्हा धाकटा त्याच्या तोंडाकडे, छातीकडे बघत असतो. श्वास कुठे संपणार हे त्याला आधी कळतं आणि झील नेमकी तिथे उचलली जाते. संबळाची लय आख्यानात कुठे चढवायची, तेही असंच नजरेनं ठरतं. काचेपलीकडे, कानाला हेडफोन लावून बसवलंत तर दोघेही वाजवतील, पण एकमेकांशी बोलणार नाहीत.

म्हणून दोघांना एकत्र, उभ्यानं, एखाद्या घरच्या गोंधळातच टिपा. खरी अडचण संबळाची आहे. तुणतुण्याची एकुलती तार त्याच्यापुढे टिकत नाही. यावर उपाय म्हणून तुणतुण्याला वेगळा माइक लावायचा मोह होतो. मीही लावला होता. त्यात संबळच जास्त आला. त्याआधी एकदा दोघांच्या अंगरख्याला कॉलरमाइक लावले, तर रात्रभर गळ्यातल्या कवड्यांच्या माळांचा खडखडाट मुद्रित झाला. त्याच कवड्या चार हातांवरून किती गोड वाजतात!

आता मी दोनच माइक वापरतो: छोटे कंडेन्सर, समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे. दोन्हींची तोंडं १७ सेंटिमीटर अंतरावर, मधला कोन ११० अंश, आणि एकच स्टँड, साधारण गाणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर. पुढचं सगळं माणसांच्या जागा बदलून साधायचं. थोरल्याला माइकपासून चार फुटांवर उभं करा, संबळवाल्याला सात-आठ फुटांवर, थोडं बाजूला. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. खोलीत जरा कमी उतरतो, पण उतरतो. पायाखाली सतरंजीच्या घड्या घालून जागा दाखवा, म्हणजे नाचता नाचता थोरला हलला तरी परत तिथेच येतो. मग हेडफोन लावून पाच मिनिटं ऐका, सतरंजी वीतभर सरकवा, पुन्हा ऐका. या अर्ध्या तासात कंजुषी केलीत तर नंतर संगणकावर काही दुरुस्त होत नाही.

जागा निवडताना मोठ्यानं टाळी वाजवा. देवळाच्या दगडी सभामंडपात ती घुमत राहते आणि संबळाचा चिखल होतो. कौलारू घराची पडवी, मागच्या भिंतीवर दोन-तीन गोधड्या, हे मला सगळ्यात आवडतं. यजमानांना आधी भेटून कर्णा, म्हणजे लाउडस्पीकर, बंद ठेवायची विनंती करा. तो चालू असेल तर तुम्ही त्या दोघांना नव्हे, कर्ण्याला मुद्रित करता. पंखे, फ्रिजही बंद. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा, म्हणजे विजेची घरघर शिरायची एक वाट बंद होते.

माणसांना मात्र हाकलू नका. ‘उदो उदो’ म्हणणारं कुणी नसेल तर आवाहन ओकंबोकं होतं. श्रोते माइकच्या पाठीमागे बसले की त्यांचा आवाज आपोआप मवाळ येतो. पूजेचा चौक मांडलेला, दिवटी (मशाल) पेटलेली हवीच. आमच्या एका थोरल्या गोंधळ्यांनी दिवटीशिवाय आवाहन म्हणायला साफ नकार दिला होता, आणि त्यांचं बरोबर होतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका अशी नावं घेऊन देवतांना बोलवायचं, ते नमुन्यादाखल कसं म्हणणार?

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. संबळाचा सर्वांत जोरकस ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण मध्यरात्रीनंतर तो आणखी चढतो. दोन माइकांचं मुद्रण तासाला जेमतेम १ जीबी होतं. तेव्हा ३२ जीबीचं कार्ड घाला आणि रात्रभर थांबवूच नका. सर्वांत चांगला तुकडा बहुधा चहानंतरच येतो. प्रत्येक पदाआधी तुणतुण्याची तार कुठल्या सुरात लावलीय ते वहीत टिपा. दोन रात्रींचे तुकडे जोडायची वेळ आली तर सूर जुळायला हवा. दमट हवेत संबळाच्या कातड्याचा सूरही उतरतो, त्याकडे लक्ष ठेवा.

आणि पैशाचं आधी बोला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क दिलाय, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचाही. करार लेखी, मराठीत करा. मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. न लिहिल्यास कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत एवढाच धरतो. मुखपृष्ठावर दोघांची नावं सारख्या अक्षरात हवीत. झील धरणाऱ्याचं नाव ‘साथीला’ म्हणून कोपऱ्यात टाकलेलं मी पाहिलंय, ते मला फार लागलं होतं.

निवड करताना दोघांना शेजारी बसवून सगळं ऐकवा. तुम्हाला चूक वाटलेली जागा ते ठेवायला सांगतील, तर ठेवा.