कॅन्सरची तपासणी केली आणि इन्फेक्शन निघालं

त्या बाई आल्या तेव्हा रिपोर्ट त्यांच्या मुठीत होता, चार घड्या घातलेला. इतक्या वेळा उघडून मिटलेला की घडीवरची अक्षरं पुसट झाली होती. एका शब्दाखाली पेनाने दोनदा रेघ मारली होती: ट्रायकोमोनास. वय 44. अंगावरून पांढरं जाणं, खाज, मध्येच रक्त जाणं, यातली एकही तक्रार नव्हती. डॉक्टरांनी ‘एकदा करून घ्या’ म्हटलं म्हणून त्यांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेतली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “मॅडम, पिशवी काढावी लागेल का?”

रिपोर्ट समजावून सांगणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नवा नाही. तपासणी कॅन्सरची असली की रिपोर्टातला प्रत्येक अनोळखी शब्द कॅन्सरचाच वाटतो. मी कागद टेबलावर सरळ केला आणि त्यांना सर्वांत वरची ओळ वाचायला लावली. कॅन्सरच्या किंवा त्याआधीच्या बदलाच्या पेशी दिसल्या नाहीत, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. आठवडाभर तो कागद जवळ बाळगूनही ती ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. सोबत केलेली एचपीव्ही या विषाणूची तपासणीही निगेटिव्ह होती.

मग त्यांना सावकाश समजावलं. पॅप तपासणीत गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी अलगद खरवडून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शोध कॅन्सरच्या आधीच्या पेशींचा असतो, पण त्या नमुन्यात जंतू, बुरशी, सूज असलं काही दिसलं तर तेही लिहून येतं. या कॅन्सरचं मूळ वेगळं आहे. जवळपास प्रत्येक वेळी त्यामागे हाच एचपीव्ही विषाणू असतो. हा संबंध शोधून काढल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. विषाणू शरीरात ठाण मांडून राहिला तरी कॅन्सर व्हायला सहसा 15 ते 20 वर्षं लागतात, म्हणूनच तर वेळेवर तपासणीचा उपयोग होतो. ट्रायकोमोनास हा एक सूक्ष्म परजीवी. तो गोळ्यांनी बरा होतो.

“आणि हे सूज म्हणून लिहिलंय ते?”

इन्फेक्शनमुळे पेशी सुजतात, त्यांचं रूप थोडं बदलतं. सूज फार असली, पू किंवा रक्ताने पेशी झाकल्या गेल्या, तर नमुना वाचताच येत नाही आणि इलाज करून पुन्हा घ्यावा लागतो. ‘पुन्हा या’ असा निरोप आला की बायकांचे पाय गळतात. खरं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

त्या गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. असं झालं की मी बोलायची घाई करत नाही, कारण खरी काळजी बहुतेक वेळा त्यानंतर बाहेर येते.

“आठ दिवस झाले, मी मुलीच्या खोलीत झोपते. यांना काही बोलले नाही. पण हे माझ्यात आलं कुठून?”

अशा वेळी ‘सार्वजनिक संडासातून आलं असेल’ म्हणून वेळ मारून नेणं सोपं असतं. मी ते करत नाही. उद्या त्यांना खरं कळलं तर माझ्या बाकीच्या शब्दांवरही त्यांचा विश्वास राहणार नाही. मी सांगितलं, “ताई, मोठ्या माणसांत हा परजीवी शरीरसंबंधातूनच पसरतो. पण तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. तुम्हाला तरी काही त्रास होता का? पुरुषांना तर बहुधा काही जाणवतच नाही.” शिवाय पॅपमध्ये दिसलेला ट्रायकोमोनास कधी कधी चुकीचाही ठरतो, म्हणून खात्रीसाठी ताज्या स्रावाची वेगळी तपासणी करतात. डॉक्टरांनी त्यांचीही ती केली. इन्फेक्शन खरंच होतं.

एक गोष्ट त्यांनी फार खालच्या आवाजात सांगितली. रिपोर्ट आल्यापासून त्या दिवसातून दोनदा जंतुनाशकाने आतून धूत होत्या. चुरचुरायचं, तरी धुवायच्या. मला वाईट वाटलं, कारण त्या स्वतःला जणू शिक्षाच करत होत्या. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू असतात. ते तिथला आंबटपणा राखतात. पीएच साधारण 3.8 ते 4.5 असतो, आणि त्यात बाहेरचे जंतू सहजी वाढत नाहीत. आतून धुतलं की हे राखणदारच वाहून जातात. त्यांची जागा दुसऱ्या जिवाणूंनी घेतली की माशासारखा वास येतो, पातळ करडट पाणी जातं. त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. वास आला की बाई आणखी धुते आणि त्रास वाढतच जातो. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरेसं आहे. आत काहीही घालायचं नाही.

गोळ्या दोघांनी घ्यायच्या होत्या, नाहीतर इन्फेक्शन परत येतं. त्यावर त्यांनी विचारलं, “यांच्या जेवणात मिसळून दिली तर?”

मी ठाम नाही म्हटलं. न सांगता कुणालाही औषध द्यायचं नसतं. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांसोबत हे औषध धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी विचारावंच लागतं. मग मी जे नेहमी विचारते ते विचारलं: घरात सांगितलं तर मारहाण, धमकी अशी काही भीती आहे का? तशी भीती असती तर वाट वेगळी धरावी लागली असती. त्या म्हणाल्या, “नाही हो, तसे नाहीत. मलाच तोंड उघडवत नाही.” म्हणून आम्ही ठरवलं की त्यांनी नवऱ्याला इथंच घेऊन यायचं.

ते आले. खुर्चीच्या कडेवर बसले. सगळं ऐकून घेतल्यावर पहिलं वाक्य तेच: “कुणामुळे झालं?” बाई खाली बघत होत्या. मी म्हटलं, “इन्फेक्शन आहे, एवढंच रिपोर्ट सांगतो. बाकी तुम्हाला एकमेकांना विचारायचं असेल तर शांतपणे विचारा, हवं तर माझ्यासमोर विचारा. पण औषध आजपासून. दोघांचा कोर्स संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नको.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बायकोकडे वळून म्हणाले, “आठ दिवस एकटीच घेऊन बसलीस होय?”

घरी पुढे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तीन महिन्यांनी त्या फेरतपासणीला आल्या, ट्रायकोमोनास गेला होता. एचपीव्ही निगेटिव्ह असल्याने ती तपासणी पुन्हा पाच वर्षांनी करायला डॉक्टरांनी सांगितलं. मध्ये कधी संबंधानंतर रक्त गेलं, किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र पाच वर्षं थांबायचं नाही, हेही बजावलं.

त्या दिवशी त्या जावेला सोबत घेऊन आल्या होत्या. तपासणीआधी दोन दिवस आत कसलंही औषध किंवा क्रीम लावायचं नाही, संबंधही ठेवायचा नाही, हे त्यांनीच तिला घरून पढवून आणलं होतं. जावेच्या रिपोर्टात कॅन्डिडा म्हणजे बुरशी निघाली. खाज नाही, दह्यासारखं पांढरं जाणं नाही. कितीतरी निरोगी बायकांच्या अंगात ती अशीच असते, त्रास नसेल तर औषध लागत नाही. डॉक्टरांनी काहीच लिहून दिलं नाही तेव्हा जाऊ गोंधळली. मी काही बोलायच्या आतच बाईंनी तिच्या हातातला कागद घेतला, टेबलावर सरळ केला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “आधी हे वाच.”