समोरचा हातातली कार्डंच काढून घेत असेल तर कॉम्बो डेक खेळायचा कसा?

तुम्ही विचारलंय की मॅजिक या पत्त्यांच्या खेळात तुम्ही कॉम्बो डेक (ठरावीक कार्डं जमवून एका टर्नला जिंकणारा) खेळता, पण समोरचा आधी थॉटसीझ या कार्डाने हातातलं महत्त्वाचं कार्ड काढून घेतो, उरलेलं टाकलं की काउंटर करतो, म्हणजे रद्द करतो, तर साइडबोर्डमध्ये (दोन गेमच्या मधे डेकमध्ये बदलून घ्यायच्या जादा कार्डांत) काय घालू. साइडबोर्डचं सांगते, पण आधी हे बघा की तुम्ही घाई तर करत नाही ना. माझ्या बघण्यात कॉम्बोवाले बहुतेक घाईनेच हरतात, आणि यावरूनच माझं आणि माझ्या मावसभावाचं किती वर्षं वाजतंय. मॅजिक मला या दादानेच शिकवलं. त्याचं म्हणणं, कॉम्बोचा जीव वेगात आहे, ड्युरेस-बिरेस, म्हणजे समोरच्याच्या हातातलं कार्ड घालवणारी डिस्कार्ड कार्डं, काढून टाक, त्या जागी वेग वाढवणारं काहीतरी घाल, समोरच्याला वेळच देऊ नको.

साफ चूक आहे हे.

स्पर्धेतला शेवटचा गेम होता, लेगसी (जुनी कार्डंही चालणारा प्रकार), मी स्टॉर्म (एका टर्नला भरपूर स्पेल, म्हणजे कार्डं, टाकून मारणारा कॉम्बो डेक) खेळत होते. समोरच्याने पहिल्या टर्नला फेच लँड (एक लाइफ देऊन दुसरी लँड शोधून आणणारी) मोडून डेल्व्हर (हल्ला करणारा प्राणी) टाकला, दुसऱ्याला थॉटसीझ. माझी एकच लँड होती, तिच्यावर मी थॉटसीझ लागू व्हायच्या आत ब्रेनस्टॉर्म टाकलं, तीन कार्डं ओढली आणि इन्फर्नल ट्यूटर (हात रिकामा असला की डेकमधून हवं ते कार्ड आणणारं) आणि लायन्स आय डायमंड (हातातलं सगळं टाकून माना, म्हणजे स्पेल टाकायची ताकद, देणारं) ही दोन डेकवर परत ठेवली. त्याला हातात दिसली ती रिच्युअल, एक पेटल (दोन्ही जादा माना देणारी), एक पॉंडर. त्याने एक रिच्युअल घेतलं. घेऊ दे. पुढच्या दोन टर्नला माझी दोन्ही कार्डं परत माझ्या हातात आली.

तिसऱ्या टर्नला दोन रिच्युअल, पेटल, डायमंड, ट्यूटर, सगळं हातात. दादा मागे उभा होता. मी फक्त पॉंडर टाकलं, वरची तीन कार्डं बघितली, त्यात ड्युरेस होतं आणि एक लँड. ड्युरेस घेतलं, लँड पुढच्या ड्रॉला येईल अशी लावली आणि टर्न सोडला, तेव्हा दादाने टाकलेला सुस्कारा मला स्पष्ट ऐकू आला. डेल्व्हर दर टर्नला तीन मारत होता, मी अकरा लाइफवर.

चौथ्या टर्नला आधी ड्युरेस. त्याने त्यावर फोर्स ऑफ विल हे काउंटर टाकलं, एक लाइफ देऊन. आता हिशोब बघा. फेचचा एक, थॉटसीझचे दोन, फोर्सचा एक, म्हणजे सुरुवातीच्या वीस लाइफपैकी चार त्याने स्वतःच घालवले, तो सोळावर. स्टॉर्ममध्ये त्या टर्नला टाकलेला प्रत्येक स्पेल मोजतात, काउंटर झालेला आणि समोरच्याने टाकलेलासुद्धा. ड्युरेस, फोर्स, दोन रिच्युअल, पेटल, डायमंड, ट्यूटर, आणि आठवं टेंड्रिल्स ऑफ अ‍ॅगनी. टेंड्रिल्स मोजलेल्या प्रत्येक स्पेलमागे दोन लाइफ घेतं, आठ दुणे सोळा! त्याने फोर्स टाकलं नसतं तर सातच स्पेल, चौदा लाइफ, आणि तो सतरावर राहिला असता, मला पास्ट इन फ्लेम्सचा (वापरलेले स्पेल पुन्हा टाकू देणारं कार्ड) लांबचा रस्ता घ्यावा लागला असता. आणि तिसऱ्याच टर्नला गेले असते तर त्याने तेच फोर्स ट्यूटरवर टाकलं असतं, तोवर डायमंडपायी माझा हात रिकामा, खेळ खलास.

तर साइडबोर्ड. डेकमध्ये हिरवा रंग असेल तर वेल ऑफ समर डोळे मिटून घाला, एका मानात निळी काउंटर आणि काळं डिस्कार्ड दोन्हींचा बंदोबस्त होतो. नसेल तर डिफेन्स ग्रिड, तुमच्या टर्नला त्याचा प्रत्येक स्पेल तीनने महाग. पण मेन डेकमधलं डिस्कार्ड कमी करू नका, कोणीही कितीही सांगितलं तरी.

हां, थांबायचं म्हणजे बसून राहायचं असं नाही हं. तो किती टर्नमध्ये मारतोय ते मोजत राहायचं, आणि जो टर्न परवडत नाही तो द्यायचा नाही.

दादा अजून म्हणतो ड्युरेस नशिबाने आलं. डेकमध्ये सात डिस्कार्ड होते आणि पॉंडरने मी तीन कार्डं बघून ते निवडलं. त्याचं ऐकून ते सात काढले असते तर पॉंडरमध्ये बघायला काय होतं, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.