जुना निन्टेंडो स्विच (गेम कन्सोल) अजून नीट चालतोय, मग स्विच २ घ्यावा का?

टीव्हीला जोडून खेळत असाल तर घ्या. हातात धरूनच खेळत असाल आणि तुमच्याकडे जुन्या स्विचचं ओलेड स्क्रीनवालं मॉडेल असेल, तर माझ्या मते थांबा.

डॉकवर (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडवर) स्विच २ ४केपर्यंत सुस्पष्ट चित्र देतो, जुना १०८०पीच्या पुढे जात नाही. जुने बहुतेक गेम चालतात, पण नुसतं चालणं वेगळं आणि सुधारणं वेगळं. 'पोकेमॉन स्कार्लेट' जुन्या मशीनवर सेकंदाला ३० फ्रेमलाही अडखळायचा. मोफत अपडेटनंतर इथे ६० फ्रेमने पळतो. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ची सुधारित आवृत्ती मात्र फुकट नाही. तेव्हा तुम्ही खरोखर खेळता त्या चार-पाच गेमना काय मिळतंय, ते आधी बघा.

हातातला स्क्रीन ७.९ इंची, १०८०पी आणि १२० हर्ट्झचा, पण एलसीडी. ओलेडचा गडद काळा रंग पाहिलेल्याला तो फिका वाटतो. बॅटरीही कमी टिकते: कंपनीच्याच आकड्यांनुसार २ ते ६.५ तास, ओलेडची ४.५ ते ९. प्रवासात खेळणाऱ्याला हा फरक जाचतो.

खरा छुपा खर्च स्टोरेजचा. आत २५६ जीबी आहे आणि 'सायबरपंक २०७७'सारखा एकच गेम डाउनलोड केला तर साधारण ६० जीबी खातो. जुन्या मायक्रोएसडी कार्डावर गेम ठेवता येत नाहीत, मायक्रोएसडी एक्सप्रेस हे नवं, वेगवान कार्डच लागतं. आकार अगदी सारखा असल्याने इथे हमखास चूक होते. मागच्या पिनांच्या दोन ओळींवर भरवसा ठेवू नका, यूएचएस-२ या दुसऱ्या प्रकारच्या कार्डालाही त्या असतात. कार्डावर 'ईएक्स' अक्षरं आहेत का ते पाहा. गेमच्या डब्यावर खाली किल्लीचं चिन्ह असेल, तर त्या कार्ट्रिजमध्ये गेम नाही. तो डाउनलोड करावा लागतो, शिवाय खेळताना कार्ट्रिजही आत हवंच.

जुने जॉय-कॉन (बाजूला लागणारे कंट्रोलर) वायरलेस चालतात, पण नव्या मशीनच्या बाजूला बसत नाहीत. म्हणजे चार्ज करायला जुनं मशीन किंवा चार्जिंग ग्रिप लागणार. 'रिंग फिट' हा रिंग धरून खेळायचा व्यायामाचा गेम खेळत असाल तर जुने जॉय-कॉन अजिबात विकू नका, कारण नवे त्या रिंगमध्ये बसत नाहीत. जुना डॉकही नव्याला चालत नाही.

घेतलाच, तर जुनं मशीन हाताशी ठेवूनच पहिला सेटअप करा. पूर्ण 'सिस्टिम ट्रान्सफर' त्याच वेळी होतो. जुनं आधी विकायचं असेल तर डेटा सर्व्हरवर चढवता येतो, पण मग ते मशीन पूर्ण रिसेट होतं.

आणि स्क्रीनच्या कडेला पातळ फिल्मची किनार दिसेल, ती नखाने उचलू नका. ते पॅकिंगचं प्लास्टिक नव्हे. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून कंपनीनेच ती लावलेली असते. वेगळा स्क्रीनगार्ड हवा असेल तर तिच्यावरच चिकटवा.