सातशे ग्रॅमचं पिल्लू जगतं का?

प्रश्न थोडक्यात असा: भंडारा जिल्ह्यात जानेवारीच्या थंडीत यॉर्कशायर जातीची डुकरीण काल रात्री १२ पिल्लं व्याली, त्यातली ३ पिल्लं ७०० ते ८०० ग्रॅमची आहेत. ती वाचवायच्या मागे लागावं की सोडून द्यावं?

मागे लागा, पण आधी तिन्ही नीट पाहून घ्या. यॉर्कशायरचं पिल्लू साधारण १.२ ते १.५ किलोचं जन्मतं. एक किलोच्या खालचं कमी वजनाचं धरतात. (गावरान डुकराची पिल्लं मुळातच लहान असतात, त्यांना हा हिशोब लावू नका.) बांधा सारखा असलेलं, नुसतंच लहान पिल्लू ७०० ग्रॅमचंही जगू शकतं. कपाळ पुढे उभं आलेलं, डोळे बाहेर आलेले, तोंडाभोवती सुरकुत्या, असं पिल्लू पोटात असतानाच उपाशी राहिलेलं असतं. त्याची आशा कमी. तोंडात बोट घाला. चोखलं तर पुढची मेहनत कामी येईल.

बहुतेक जण पिल्लू मलूल दिसलं की आधी दूध पाजायला धावतात, आणि तिथेच चुकतं. डुकराच्या पिल्लाच्या अंगावर जन्मतः चरबी जवळजवळ नसते, आणि अंगातला साखरेचा साठा एका दिवसाच्या आत संपतो. त्याला ३४ अंशांच्या आसपास ऊब लागते, तुमच्या गोठ्यात पहाटे १०-१२ अंश असतील. गुदद्वारात थर्मामीटर लावा. ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पाजू नका, थंड पोटात दूध पचत नाही. आधी ४० अंशांच्या कोमट पाण्यात मानेपर्यंत १० ते १५ मिनिटं धरा, जुन्या सुती कापडाने खडखडीत कोरडं करा आणि उबेत ठेवा.

उबेसाठी कोपऱ्यात ३ बाय २ फुटांची लाकडी पेटी पुरते. पिल्लू जाईल पण आई जाणार नाही एवढंच तोंड ठेवा. खाली कोरडं तणस (धानाचा पेंढा) टाका. कुटार (बारीक भुसा) नको, त्याची धूळ नाकात जाते. वर दीड ते दोन फुटांवर २५० वॅटचा इन्फ्रारेड बल्ब टांगा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. लाइन गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र अजिबात नको, तिच्या विषारी वायूने पिल्लं गुदमरतात आणि तणस पेटतं ते वेगळंच. पिल्लं एकमेकांवर चढून बसली तर ऊब कमी, बल्बपासून लांब पसरली तर जास्त. आईला स्वतःला २० अंशांच्या आसपास बरं वाटतं, म्हणून सगळा गोठा तापवू नका.

मग चीक. पिल्लं पोटात असताना डुकरीण त्यांना रोगप्रतिकाराची द्रव्यं देत नाही, ती फक्त चिकातून मिळतात आणि ती शोषायची आतड्याची ताकद २४ ते ३६ तासांत संपते. त्यातही पहिले १२ तास मोलाचे. किलोमागे १६० ते २०० मिली चीक हवा, म्हणजे ७०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात ११० ते १४० मिली. डुकरिणीचा चीक पिल्लं जास्त म्हणून वाढत नाही, मोठी पिल्लं तो ओढून घेतात. म्हणून मोठी ६ पिल्लं दर वेळी तासभर पेटीत कोंडा आणि लहानांना पुढच्या सडांना लावा, तिथे दूध जास्त असतं.

चोखत नसेल तर आईचा चीक काढून नळीने १० ते १५ मिली, दर दोन तासांनी द्या. नळी नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून खूण करा. श्वासनळीत गेली तर न्यूमोनिया होतो, म्हणून पहिल्यांदा पशुवैद्यकाकडून शिकूनच करा. व्यायल्यानंतर पहिले काही तास सड दाबला की चीक येतो. नंतर ती दर ४० ते ६० मिनिटांनी जेमतेम १०-२० सेकंद पान्हा सोडते, तेव्हाच मिळतो. अगदीच मिळाला नाही तर गायीचा चीक चालतो. गूळ-पाणी, साखर-पाणी देऊ नका, नवजात पिल्लाला साखर पचत नाही आणि हगवण लागते. ग्लुकोज चालतं.

चोवीस तासांनी पुन्हा वजन करा. वाढलं नसेल तर ते पीत नाही, कितीही चोखताना दिसलं तरी. शेजारी दुसरी डुकरीण याच एक-दोन दिवसांत व्याली असेल तर पिल्लं हलवता येतात, पण आईचा चीक घेऊन झाल्यावर, आणि मोठी हलवा, लहान नव्हे. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचा सड ठरून जातो, त्यानंतर हलवलं तर मारामारी होते. दुसऱ्या गावचं पिल्लू किंवा डुकरीण मात्र आणू नका, रोग येतो.

आईखाली चिरडून मरणाऱ्यांत ही लहानच जास्त असतात. भिंतीपासून आणि जमिनीपासून ८ ते १० इंचांवर आडवा पाइप किंवा बल्ली लावा.

लोहाचं इंजेक्शन मानेत. मोठ्यांना तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम. या तिघांना चौथ्या-पाचव्या दिवशी १०० आणि चौदाव्या दिवशी पुन्हा १००. बाटलीवर एका मिलीत किती आहे ते वाचा, १०० आणि २०० असे दोन्ही प्रकार मिळतात.

पुढच्या वेताचा विचार आतापासून करा. गाभणकाळ ११४ दिवसांचा, आणि पिल्लाचं वजन वाढतं शेवटच्या महिन्यात. तेव्हा नुसत्या कणी-कोंड्यावर आणि हॉटेलच्या उरलेल्यावर ठेवलं तर प्रथिनं कमी पडतात. सोयाबीनची ढेप द्या. सरकीची ढेप डुकराला देऊ नका, त्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य त्याला बाधतं. तोच नर स्वतःच्या मुलींवर वापरत असाल तर तोही बदला.

५०० ग्रॅमच्या खालचं, चोखत नसलेलं पिल्लू असतं तर मी सोडून द्यायला सांगितलं असतं. तुमची तिन्ही त्यात बसत नाहीत. ती जगली तरी बाजाराच्या वजनाला उशिरा येतील, आणि त्यांना पैदाशीसाठी ठेवू नका.