आमच्या विहिरीले भरती काहून येत नाही?

प्रश्न : पोरगा मुंबईले राहते. तो म्हणते, चंद्र ओढते म्हणून समुद्र दिवसातून दोनदा चढते. तोच चंद्र आमच्या वावरावर बी असते. मग आमच्या विहिरीले भरती काहून येत नाही?
– एक शेतकरी, मूर्तिजापूर तालुका

उत्तर : तुमचं पत्र वाचून मीही आमच्या विहिरीत डोकावून आलो. पाणी जिथल्या तिथं!

भाऊ, चंद्र पाणी उचलत नाही. तेवढा जोर त्याच्यात असता तर तांब्यातलं पाणीही सांडलं असतं. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळं. चंद्र आपल्यापासून ३,८४,००० किलोमीटरवर, पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७५० किलोमीटर. चंद्रासमोरच्या पाण्याला ओढ जास्त, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, पाठीमागच्या पाण्याला सर्वांत कमी. म्हणून समोरचं पाणी पुढे सरतं, मागचं मागे रेंगाळतं, आणि दोन्हीकडे फुगवटा येतो. हे पाणी दूरदूरून आडवं वाहत येऊन साचतं. तुमची विहीर पन्नास फूट. काठ आणि तळ यांत फरक पडणार किती, आणि पाणी येणार कुठून?

पृथ्वी या फुगवट्यांखालून फिरते, म्हणून दिवसात दोन भरत्या. तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो, त्यामुळं भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. अलिबागला शाळेची सहल नेली तेव्हा ओहोटीत पोरांना कुलाबा किल्ल्यात चालत नेलं. परतताना पाहतो तर कमरेएवढं पाणी! होडीवाल्यानं पैसे घेतले आणि वर हिशेबही शिकवला : तिथीची पाऊणपट करा गुरुजी, चतुर्थीला भरती तीनला.

या पाण्यावर वीजही होते. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर १९६६ पासून २४० मेगावॉटचं केंद्र आहे, म्हणजे चंद्रपूरच्या ५०० मेगावॉटच्या एका संचाच्या निम्म्याहून थोडं कमी. कोळसा शून्य. ही ऊर्जा येते पृथ्वीच्या फिरण्यातून. केंद्र असो-नसो, भरतीचं पाणी समुद्रतळाला घासतं आणि पृथ्वीला ब्रेक लागत राहतो. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातल्या साधारण दोन भागांएवढा दिवस शंभर वर्षांत लांबतो, आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो.

पोराकडे जाल तेव्हा अष्टमी टाळा. सूर्य-चंद्र काटकोनात असतात, भरती मवाळ. उधाण पाहायचं तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा. पोळ्याची अमावास्या सोडून. त्या दिवशी तुम्ही बैल सोडून निघायचे नाहीत.