साठ हजारांच्या कागदावर सही करण्यापूर्वी

आपण दिलेला तपशील आधी एकत्र मांडतो. आपल्या भगिनी (वय ३८) पतीच्या स्कूटरवर मागे बसून ठाणे शहरातील कापूरबावडीहून कासारवडवलीकडे जात असताना सेवा रस्त्यावरून एकदम घोडबंदर रस्त्यावर शिरलेल्या मोटारीने धडक दिली. उजव्या नडगीचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करून आत सळई बसवावी लागली. अपघाताला तीन आठवडे झाले असून पोलीस ठाण्यात केवळ अदखलपात्र नोंद झाली आहे. मोटारमालक साठ हजार रुपये देऊन प्रकरण मिटवू इच्छितो आणि त्याने सहीसाठी एक कागदही पाठवला आहे. मोटारीची कागदपत्रे मात्र आधीच्या मालकाच्या नावावर आहेत. भगिनी घरून डबे पुरवतात, त्यांच्याकडे उत्पन्नाचा पुरावा नाही आणि अपघातसमयी हेल्मेटही नव्हते. मी एका विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे अशा प्रकरणात समोरची बाजू काय शोधते याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे.

सर्वप्रथम, त्या कागदावर सही करू नये. मोटारमालक जणू स्वतःच्या खिशाला झळ लावून उदारपणे साठ हजार देत आहे असे चित्र उभे केले जाते. वास्तविक मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्रयस्थ व्यक्तीला झालेल्या शारीरिक इजेच्या भरपाईला त्या विम्यात रकमेची मर्यादा नाही. मोटारीचा विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनीने द्यायची असते. मालकाला टाळायची असते ती पोलीस कारवाई आणि कागदपत्रांची चौकशी. ‘पूर्ण भरपाई मिळाली, आता कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुराचा कागद पुढे मोटार अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणासमोर आला, की कंपनीचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो. रुग्णालयाच्या बिलासाठी खरोखरच पैशांची निकड असेल तर रक्कम बँकेमार्फत घ्यावी आणि पावतीवर ‘उपचाराच्या खर्चापोटी, हक्क राखून’ एवढेच लिहावे. हे मान्य नसेल तर समोरच्याचा हेतू काय होता ते आपोआप स्पष्ट होईल.

दुसरी गोष्ट अदखलपात्र नोंदीची. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे, आणि निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खालील दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येणारा, गुन्हा आहे. त्यामुळे त्या नोंदीवर थांबू नये. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेचा अहवाल आणि रुग्णालयाने केलेली वैद्यकीय-कायदेशीर नोंद जोडून लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तरीही एफआयआर झाला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार टपालाने संबंधित पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. त्यानंतरचा मार्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा. एफआयआर झाल्यावर पोलीस ठाण्याचे अंमलदार घटनास्थळाचा पंचनामा करतात, दोन्ही वाहनांची तपासणी होते, चालकाचा परवाना आणि विम्याची प्रत ताब्यात घेतली जाते. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. आपल्या प्रकरणात पहिली मुदत केव्हाच उलटली आहे, आणि म्हणूनच तक्रारीत या नियमाचा उल्लेख अवश्य करावा.

घोडबंदर रस्त्याबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण बाहेरच्या सल्लागारांच्या ती लक्षात येत नाही. मेट्रो ४ चे खांब, खोदकामासाठी उभे केलेले पत्रे आणि सेवा रस्ता मुख्य रस्त्यात मिसळण्याचे काम यांमुळे त्या पट्ट्यातील वळणे आणि दुभाजकांतील मोकळ्या जागा सतत बदलत असतात. साक्ष होईल तेव्हा मोटार ज्या फटीतून बाहेर आली ती फट कदाचित शिल्लकही नसेल, आणि मग ‘मोटार सरळच चालली होती’ असे निर्धास्तपणे सांगता येते. या आठवड्यातच त्या जागेची छायाचित्रे काढावीत, त्यांत एखादे दुकान, मेट्रोचा खांब किंवा सोसायटीचे प्रवेशद्वार ओळखू येईल असे पाहावे. समोरच्या दुकानांतील सीसीटीव्हीचे चित्रण काही आठवड्यांतच पुसले जाते. ते जतन करण्याची लेखी विनंती दुकानदार आणि तपास अधिकारी या दोघांनाही आजच करावी.

आता दोष कोणाचा, हा प्रश्न. कंपनी बहुधा असे म्हणेल की स्कूटरही वेगात होती, म्हणून निम्मा दोष आपल्या मेहुण्यांचा. हा युक्तिवाद मेहुण्यांच्या स्वतःच्या दाव्यात त्यांची भरपाई कमी करू शकतो, भगिनींच्या दाव्यात नाही. मागे बसलेल्या व्यक्तीच्या हातात वाहनाचा ताबा नसतो. दोन वाहनांच्या एकत्रित चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर तो संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने खेन्येई प्रकरणात २०१५ साली स्पष्ट केले आहे. हेल्मेटचेही तसेच आहे. हेल्मेट नव्हते म्हणून दंड होऊ शकतो, परंतु भरपाईत कपात करायची तर त्या उणिवेचा आणि झालेल्या इजेचा संबंध दाखवावा लागतो, आणि नडगीच्या हाडाचा हेल्मेटशी काहीही संबंध नाही. तीच गोष्ट डोक्याला मार लागला असता तर मी इतक्या खात्रीने लिहिले नसते.

मोटार विकली गेली होती आणि नोंदणी जुन्याच नावावर राहिली, याची फार चिंता करू नये. नवीनकुमार प्रकरणातील २०१८ च्या निकालानुसार परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक मानला जातो. अर्जात नोंदणीकृत मालक, सध्याचा ताबेदार, चालक आणि विमा कंपनी या सर्वांना सामनेवाले करावे. विमा चालू होता की नाही हे वाहन क्रमांकावरून परिवहन ॲपवर पाहता येते. अपघाताच्या दिवशी तो चालू असल्याची खात्री करावी, आजच्या तारखेची स्थिती उपयोगाची नाही. चालकाकडे वैध परवाना नसल्याचे निघाले तरी न्यायाधिकरणे साधारणपणे कंपनीला आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करण्याचा आदेश देतात.

रकमेविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण साठ हजार पुरेसे आहेत का हा आपला खरा प्रश्न आहे. इजेच्या दाव्यात उपचार, प्रवास, पोषक आहार, मदतनीस आणि बुडालेली कमाई यांचा प्रत्यक्ष खर्च मिळतो, वेदना आणि जगण्यातील आनंद गमावल्याबद्दल वेगळी रक्कम मिळते, आणि कायमचे अपंगत्व राहिल्यास भावी कमाईचे नुकसान धरले जाते. हा शेवटचा भागच सर्वांत मोठा असतो. त्यात डॉक्टरांनी पायाचे म्हणून दिलेली टक्केवारी जशीच्या तशी लागत नाही. त्या अपंगत्वामुळे त्या विशिष्ट व्यक्तीची कमावण्याची क्षमता किती घटली, हे पाहावे असे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सांगितले आहे. त्यातच उदाहरण आहे की डावा हात गमावलेला चालक किंवा सुतार जवळजवळ सर्व कमाई गमावतो, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. डबे करणाऱ्या बाईला तासन्‌तास ओट्यापाशी उभे राहावे लागते, हा मुद्दा अर्जातही यायला हवा आणि डॉक्टरांच्या साक्षीतही.

समजा त्यांचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये मानले गेले. वर्षाचे १,८०,००० झाले. स्वयंरोजगार आणि चाळिशीच्या आतील वय यांमुळे प्रणय सेठी निकालातील (२०१७) सूत्राने भावी उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के वाढ धरून २,५२,००० होतात. कमावण्याच्या क्षमतेतील घट १२ टक्के ठरली तर वर्षाचे नुकसान ३०,२४०, आणि ३६ ते ४० वयोगटासाठी सरला वर्मा निकालातील (२००९) गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला ज्याने गुणायचे तो आकडा, १५ असल्याने एकूण ४,५३,६०० रुपये. यात उपचाराचा खर्च, वेदनांची भरपाई आणि व्याज अजून धरलेलेच नाही. प्रत्यक्षात टक्केवारी कमी ठरेल किंवा अधिक; हाड पूर्ण जुळून कायमची व्यंगता उरलीच नाही तर हा भाग मिळणार नाही, हेही ध्यानात असावे. तरीही एवढ्या लवकर साठ हजारांवर सर्व हक्क सोडणे कसे महागात पडू शकते, ते या आकड्यांतून दिसते.

उत्पन्नाचा पुरावा नाही असे आपण म्हणता, परंतु डब्यांचे पैसे फोनवरून येत असतील तर बँकेचा उतारा हाच पुरावा आहे. किराणा आणि गॅसची बिले, ग्राहकांचे संदेश आणि नियमित डबा घेणाऱ्या दोन ग्राहकांची साक्ष एवढ्यावर समाधानकारक चित्र उभे राहते. शिवाय घरकामालाही आर्थिक मूल्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अरुणकुमार अगरवाल आणि २०२१ मध्ये कीर्ती या प्रकरणांत मान्य केले आहे, तेव्हा डब्यांचे उत्पन्न आणि घरकाम दोन्ही अर्जात मांडावे. मेडिक्लेममधून बिल मिळाले असल्यास तेही लपवू नये. ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

मुदतीबाबत विशेष सावध राहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मधील दुरुस्तीनुसार अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. अपंगत्वाचा दाखला मात्र उपचार पूर्ण झाल्यावरच मिळतो, आणि सळई घातलेल्या पायाला त्यासाठी वर्षही लागू शकते. अनेक जण दाखल्याची वाट पाहत बसतात. तसे करू नये. अर्ज आधी दाखल करावा, दाखला नंतर जोडावा. याच काळात कंपनीचा अधिकारी कलम १६४ खालील भरपाई देऊ करण्याची शक्यता आहे. गंभीर दुखापतीसाठी ती अडीच लाख रुपये असून त्यासाठी दोष सिद्ध करावा लागत नाही. साठ हजारांपुढे ती आकर्षक वाटेल, परंतु ती स्वीकारली की न्यायाधिकरणातील अर्ज कायद्यानेच संपुष्टात येतो. पाय पूर्ण बरा होईल असे शस्त्रचिकित्सक सांगत असतील तर तिचा विचार करण्यास माझी हरकत नाही, मात्र त्यांचे मत लेखी घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

अपघात ठाण्यात झाल्यामुळे अर्ज ठाण्याच्या न्यायाधिकरणात करता येईल. रुग्णालयाच्या आवारात भेटून ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असे बोलणाऱ्या मध्यस्थांना दूर ठेवावे. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून काम घेणे वकिलांना वकील परिषदेच्या नियमांनी मना आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, तेव्हा ठाणे न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भगिनींच्या नावाने अर्ज करावा. पुढे लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला तर तेथील निवाड्यावर अपील करता येत नाही, म्हणून अपंगत्वाचा दाखला हाती येईपर्यंत तेथे आकड्याला होकार देऊ नये. मोटारमालकाला भेटायला जावे का, असेही आपण विचारले आहे. जाण्याची गरज नाही. त्याच्याकडून विम्याची प्रत आणि चालकाच्या परवान्याची प्रत लेखी मागवावी, आणि तो देत नसेल तर तसे तपास अधिकाऱ्यांना कळवावे.