पासवर्ड बदलला, तरी झोप का लागत नाही?

“मेल हॅक झाला होता. पासवर्ड बदलला. घरचे म्हणतात, आता विषय संपला. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. मी उगाच जास्त विचार करते का?” मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे असतात आणि निम्मी वाक्यं खाली मान घालूनच बोलतात. त्यांना उत्तर म्हणून एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात या बाई हिशेब बघतात. दुकानात सगळे त्यांना काकू म्हणतात, म्हणून मीही काकूच म्हणते. सौदे झाले की पट्ट्या, म्हणजे हिशेबाच्या पावत्या करायच्या, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना बिलं मेल करायची, हे काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. दुकानाचा वेगळा मेल कधी काढलाच नाही, सगळं काकूंच्याच जीमेलवरून चालायचं. एक दिवस राजकोटच्या व्यापाऱ्याचा दुकानात फोन आला. तुमचं बँक खातं बदललं का? काकूंच्या मेलवरून त्याला नवा खाते क्रमांक गेला होता. त्याला संशय का आला, तर काकूंचं प्रत्येक पत्र ‘जय श्रीकृष्ण’ने सुरू होतं आणि या पत्रात ते नव्हतं. एवढ्यावर मोठी रक्कम वाचली.

मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने फोनवरून सांगितलं तसा काकूंनी पासवर्ड बदलला. महिन्याभराने त्या माझ्याकडे आल्या तेव्हा रात्री दोन-तीनदा उठून मेल बघत होत्या आणि फोनवरून पैसे पाठवणं बंद केलं होतं. “मॅडम, शेठ काही बोलले नाहीत ओ. बोलले असते तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत वहीत एक पै चुकली नाही माझी.”

काळजीने पछाडलेल्या माणसाला “काही होत नाही” म्हणणं सोपं असतं. मी ते म्हणत नाही, आधी तपासते. २०१९चा पूर ज्यांनी पाहिलाय ते सांगलीकर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी तासातासाला बघण्याला वेडेपणा म्हणणार नाहीत. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं असेल तर बघायलाच हवं. ओसरल्यावरही महिनोन्महिने बघत राहिलं, तर तिथे माझं काम सुरू होतं. म्हणून पहिला प्रश्न असा की काकूंचं पाणी खरंच ओसरलं होतं का?

नव्हतं. काकू रोज बघत होत्या तो फोनवरचा इनबॉक्स. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर (आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं याचे नियम) आणि फॉरवर्डिंग (मेलची प्रत दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) यांची पानं दिसतच नाहीत, ती कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडावी लागतात. माझ्या लॅपटॉपवर काकूंनी लॉगिन केलं. पासवर्ड टाकताना मी खिडकीकडे तोंड करून बसले. समोरचा माणूस कितीही विश्वासाने सांगायला लागला तरी पासवर्ड ऐकून घ्यायचा नाही, हा माझा नियम आहे. सेटिंग्जमध्ये गेल्यावर फिल्टरच्या पानावर एकच ओळ होती: राजकोटच्या व्यापाऱ्याकडून आलेला मेल थेट ट्रॅशमध्ये टाकायचा. फॉरवर्डिंगच्या पानावर एक अनोळखी पत्ता. काकूंना येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत तिकडे जात होती. पासवर्ड बदलल्यावर चोर इतर उपकरणांवरून बाहेर फेकला जातो, पण त्याने करून ठेवलेल्या या सोयी तशाच राहतात. त्याला परत आत यायची गरजच नव्हती.

काकू स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मला उगाच वाटत नव्हतं!” त्या आवाजात भीतीपेक्षा सुटका जास्त होती.

पुढचं त्यांनीच केलं, मी शेजारी बसून फक्त वाचून दाखवत होते. आधी दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट, कारण तक्रारीला पुरावा लागतो, मग दोन्ही नोंदी काढल्या. ट्रॅश तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो, त्यामुळे व्यापाऱ्याची शेवटची उत्तरं तेवढी तिथे सापडली. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर रिकव्हरी फोन काकूंचा होता, रिकव्हरी ईमेल मात्र भलताच. हे बहुतेक जण बघत नाहीत, आणि ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं की कोड नेमका तिकडे जातो. तिथेच कुठल्या उपकरणांवर लॉगिन आहे, कुठल्या बाहेरच्या ॲपना परवानगी दिलीय, हेही दिसतं. ओळखीचं नसेल ते काढायचं.

जुना पासवर्ड म्हणजे मुलाचं नाव आणि जन्मसाल. तोच वीजबिलाला, तोच फेसबुकला, तोच कधीतरी साडी मागवलेल्या वेबसाइटला. असली एखादी साइट फुटली की तिथली पासवर्डची यादी चोरांच्या हाती लागते आणि तोच पासवर्ड ते सगळीकडे लावून बघतात. काकूंच्या बाबतीत तसंच झालं असेल, किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरमुळेही असेल. त्यावर फुकटात मिळालेलं बिनपरवान्याचं सॉफ्टवेअर होतं आणि कुणीही येऊन पेन ड्राइव्ह लावत होतं. कॉम्प्युटरमध्येच व्हायरस असेल तर त्यावर बसून बदललेला पासवर्ड आपण चोराच्या हातात देतो. म्हणून तो कॉम्प्युटर साफ करून घेईपर्यंत त्यावर लॉगिन नाही, असं ठरलं. बाकी खात्यांचे पासवर्ड मेलनंतर बदलायचे, कारण त्या सगळ्यांच्या चाव्या मेलमध्ये येतात. आधी बँक, मग आयकर, मग उरलेलं. प्रत्येकाला वेगळा, आणि लक्षात ठेवायचं काम फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरचं.

टू-स्टेप व्हेरिफिकेशनला, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरून आणखी एकदा खात्री करून घेणाऱ्या सोयीला, काकू कचरत होत्या. “फोन हरवला तर मीच बाहेर राहीन की!” शंका रास्त आहे. त्यासाठी गूगल दहा बॅकअप कोड देतं. काकूंनी ते कागदावर उतरवले आणि घरी कपाटात, दागिन्यांच्या डब्यात ठेवले. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं, पण काहीच नसण्यापेक्षा एसएमएसही चालेल.

मुलाचं म्हणणं होतं, “आई, तू राहू दे, मी इकडून सगळं लावतो.” मी त्याला फोनवर नाही म्हटलं. खातं आईचं, बोटंही आईचीच हवीत. नाहीतर पुढच्या वेळी ती पुन्हा घाबरणार आणि पुन्हा त्याची वाट बघत बसणार.

खरं अवघड काम याच्या पुढचं होतं, चारचौघांत सांगण्याचं. शरमेपायी माणसं लपवतात आणि तेवढा वेळ चोराला मिळतो. मिरजेच्या एका कॉलेजच्या मुलाला धमकीचा मेल आला होता: तुझा व्हिडिओ आहे, पैसे दे. पुराव्यादाखल त्याचा जुना पासवर्ड लिहिलेला. पासवर्ड फुटलेल्या यादीतला असतो, व्हिडिओ बहुधा नसतोच. पोरगं आठवडाभर जेवलं नव्हतं. घरी विषय निघाला असता तर पाच मिनिटांत सुटला असता.

काकूंनी शेठना सांगितलं. शेठ का बोलले नव्हते? काकू दुखावतील म्हणून! दोघांनी मिळून सगळ्या व्यापाऱ्यांना फोन केले: आमचं बँक खातं बदललेलं नाही, आणि कधी बदललंच तर मेलवर विश्वास न ठेवता तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर आम्हाला विचारा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही केली. पैसे गेले नसले तरी दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हाच आहे. पैसे गेले असतील तर मात्र आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा नंबर फिरवायचा आणि बँकेला कळवायचं, बाकीचं मागाहून. लवकर कळलं तर रक्कम वाटेत अडवता येते. आणि “खातं परत मिळवून देतो, फी पाठवा” म्हणणारा भेटला, तर तो त्याच टोळीतला समजा.

हे सगळं झाल्यावरच मी झोपेकडे वळले. मेल बघितला की पाच मिनिटं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच सवय लागते. म्हणून बघणं एकदम बंद केलं नाही, वेळा ठरवल्या: सकाळी दुकानात गेल्यावर आणि संध्याकाळी निघताना. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. पहिले काही दिवस काकू चिडल्या, मग हळूहळू झोप लागायला लागली.

परवा त्यांचा फोन आला. गूगलचा ‘नवीन लॉगिन’ असा मेल आलाय, आत बटण आहे, दाबू का? मी म्हटलं, बटणाला हात लावू नका, कारण असे मेल खोटेही येतात. स्वतः गूगल खातं उघडा आणि सुरक्षेच्या पानावर तो लॉगिन दिसतो का बघा. दिसत होता. दुकानात आलेल्या नव्या कॉम्प्युटरवर सकाळी साडेदहाला काकूंनीच केलेला.